सावळाबाबांचं मागचं आमेन

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची, ते मला विचारू नका. मी तोंडाला येईल तो आकडा सांगेन आणि तुम्ही तोच धरून बसाल. एवढं समजा, की तेव्हा आंबीदऱ्याच्या देवळावर कौलं नव्हती, गवताचं छप्पर होतं. आम्ही ख्रिस्ती माणसं प्रार्थनेच्या घराला देऊळच म्हणतो, आणि तेव्हाही देऊळच म्हणायचे. त्या देवळात सावळाबाबा पाळक होते. पोराचा बाप्तिस्मा त्यांच्या हातून, पोरीचं लग्न त्यांच्या हातून, म्हाताऱ्याची माती त्यांच्या हातून. भावाभावांचं भांडणसुद्धा त्यांच्याच ओट्यावर मिटायचं.

आणि त्यांची प्रार्थना! काय सांगू तुम्हाला. बाबा उभे राहिले, डोळे मिटून ‘हे दयाळू बापा’ म्हणाले, की डोंगरापलीकडचे धनगर मेंढरं सोडून पागोटं हातात घेऊन उभे राहायचे, असं म्हणतात. हरवलेला बैल बाबांचा आवाज ऐकून आपल्या पायांनी गोठ्यात यायचा, असं म्हणतात. एकदा विहिरीचा काठ खचला आणि आत माणूस होता. बाबांनी काठावर प्रार्थना धरली, तर माती हवेत तशीच थांबली, माणूस वर आला आणि मगच ती खाली पडली. हसा, हसा. मीही लहानपणी इथंच बसून हसले होते आणि आईचा सणसणीत धपाटा खाल्ला होता.

आता एक रीत सांगते, ती नीट ध्यानात ठेवा, म्हणजे पुढची गोष्ट कळेल. प्रार्थनेत पुढं एकानं बोलायचं आणि मागं बसलेल्यांनी शेवटी ‘आमेन’ म्हणायचं. पोवाड्यात मागचे झील धरतात ना, तसं. पुढचं बोलणं बाबांचं आणि मागचं आमेन गावाचं. बाबांनी आपल्या जन्मात मागचं आमेन कधी म्हटलं नव्हतं. म्हणणार कधी? सदा पुढंच उभे.

दिवस गेले, वर्षं गेली, बाबा म्हातारे झाले. म्हातारे म्हणजे कसे? त्यांनी बाप्तिस्मा दिलेली पोरं काठ्या टेकत देवळात यायला लागली, एवढे म्हातारे. त्यांनी लावलेली चिंच वाढली, फळली, वठली, आणि बाबा आपले आहेतच. त्यांची बायको गोदाआई, तीही आहेच. बाबांचे गुडघे कुरकुरायचे, एका कानानं ऐकू यायचं नाही, प्रार्थनेला उभे राहिले की पाय लटपटायचे. रात्री अंथरुणाला पाठ टेकताना ते म्हणायचे, “गोदे, थकलो गं. आता घरी जावंसं वाटतं.” घरी म्हणजे कुठल्या घरी, हे तिला ठाऊक होतं.

आणि एके दिवशी भर दुपारी देवाचा दूत आला, असं म्हणतात. पंख-बिंख काही नव्हते हो त्याला. धुवट कपड्यातला एक तरणा माणूस ओट्याच्या कडेला येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “बाबा, चला.”

बाबांना इतका आनंद झाला की ते काठी न घेताच उठले. पण दोन पावलं गेले आणि थबकले. मागं वळून त्यांनी गावाकडं पाहिलं. मग म्हणाले, “आलो असतो रे. पण माझ्यामागं कोण? मेंढरं उघड्यावर टाकून मेंढपाळ जात असतो का?”

दूत म्हणाला, “मग कोणाच्या तरी हवाली करा. मी परत येईन.” आणि गेला.

तेव्हापासून बाबांनी माणूस हेरायला घेतला. पहिल्यांदा निवडला नथानेल. पोरगा चुणचुणीत, गळा गोड, वाचायला लिहायला येणारा. रविवारी बाबांनी त्याला पुढं उभं केलं आणि स्वतः त्याच्या पाठीशी उभे राहिले. नथानेल म्हणाला, “हे दयाळू बापा, आमच्या शेतांवर तुझी कृपा असू दे.” मागून बाबा म्हणाले, “आणि गुराढोरांवर!” नथानेल म्हणाला, “आणि गुराढोरांवर. आमच्या लेकरांना सांभाळ.” मागून बाबा, “विधवांना विसरलास!” बिचाऱ्यानं विधवांना घेतलं. मग बाबांनी आजाऱ्यांची आठवण केली, परगावी गेलेल्यांची केली, आणि शेवटी राहवेना म्हणून त्याला हातानं बाजूला सारून उरलेली प्रार्थना आपणच पुरी केली. गावानं जोरात आमेन म्हटलं. नथानेलनं पुढच्या महिन्यात गाठोडं बांधलं आणि तो सासुरवाडीला राहायला गेला. अजून आला नाही.

बाबा वाईट होते का? छे हो. सोन्यासारखा माणूस. पण ज्यानं सगळा जन्म पोळ्या लाटल्या, त्याला दुसऱ्याची वाकडी पोळी बघवत नाही. हात शिवशिवतात. आणि खरं सांगायचं तर गावालाही तेच हवं होतं. बाबांनी तोंड उघडलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडायचा. नवा माणूस अडखळला की लोक एकमेकांकडं बघायचे आणि बाबांकडं बघायचे, की सावरा आता.

नथानेलनंतर आणखी एक-दोघांना उभं केलं. एकानं ढोलकी धरली ती धरलीच, म्हणाला, माझं आपलं हेच बरं. दुसऱ्याला रविवार उजाडला की ताप भरायचा. गावात म्हणायला लागले, वडाखाली दुसरं झाड जगत नाही. पण हे बाबांच्या तोंडावर कोण बोलणार?

शेवटी उरला बार्नबा. हा जात्यांना टाकी लावायचा. टाकी लावायची म्हणजे काय, ते आजच्या पोरांना कुठलं ठाऊक! जातं वापरून वापरून गुळगुळीत झालं की त्याला छिन्नीनं बारीक खाचा पाडायच्या, म्हणजे ते पुन्हा दळतं. एक ठोका मारायचा, बघायचं, हात फिरवायचा, मगच दुसरा ठोका. घाई केली की दगड फुटला. तर हा बार्नबा बोलायचाही तसाच. एक वाक्य बोलायचा, थांबायचा, जरा वेळानं दुसरं बोलायचा. पण गावात कोणाकडं दुखणं असो, मयत असो, हा न बोलावता जाऊन बसायचा. काही बोलायचा नाही, नुसता बसायचा. आणि लोकांना बरं वाटायचं.

त्याला पुढं उभं केलं, तर काय झालं असेल ते तुम्हीच सांगा. बार्नबा म्हणाला, “हे बापा, तू आमच्याजवळ आहेस.” आणि थांबला. एवढी मोकळी जागा सापडल्यावर बाबा कसले गप्प राहतात! त्यांनी त्या जागेत अख्खी प्रार्थना घातली. बार्नबानं पुन्हा एक वाक्य टाकलं, बाबांनी पुन्हा दहा. पोरं चिडवायची, बार्नबाची प्रार्थना म्हणजे भाकरीएवढ्या चटणीबरोबर चतकोर भाकरी. बार्नबा रागावला नाही आणि गावही सोडून गेला नाही. पण तो दर रविवारी थोडं कमी बोलायला लागला.

मग दूत दुसऱ्यांदा आला, असं म्हणतात. बाबा ओट्यावरच होते. दूत म्हणाला, “झालं का बाबा?” बाबा म्हणाले, “नाही रे. कोणी तयारच होत नाही. मी किती सांभाळून घेतो, किती आठवण करून देतो, तरी कोणाला येत नाही. काय करू?” दूताचं लक्ष नव्हतं. तो आत बघत होता, कारण आत गोदाआई भाकरी थापत होती आणि तिचं तोंड उघडायच्या बेतात आलं होतं.

गोदाआई पिठाच्या हातानं बाहेर आली. दूत आहे का आणखी कोण आहे, तिनं बघितलं नाही. ती म्हणाली, “अहो, देवानं सहा दिवस काम केलं आणि सातव्या दिवशी तो बसला. देवालासुद्धा बसावंसं वाटलं, तुम्हाला वाटत नाही! तुम्ही त्या पोराला शिकवता कुठं? तुम्ही त्याच्या तोंडातलं काढून बोलता. तो थांबतो तिथं देवाला बोलू द्या की जरा. पण तुम्ही देवालाही बोलू देत नाही. आणि तुम्ही जात नाही म्हणून मलाही इथं अडकवून ठेवलंय. माझ्याही गुडघ्यांना कळा लागतात म्हटलं!”

बाबा खाली मान घालून बसले. मग डोळे पुसून म्हणाले, “गोदे, मला भीती वाटते गं. मी बोललो नाही आणि काही वाईट झालं तर?” गोदाआई त्यांच्याशेजारी बसली. म्हणाली, “तुम्ही बोलत होता तेव्हा काय कोणी मेलंच नाही?” दूत हळूच निघून गेला, असं म्हणतात. त्याला हसू आवरत नव्हतं, असंही म्हणतात.

आणि बघा, परीक्षा यायची ती लगेच आली.

मंडळीचे पंच होते जिवाजी. मोठा कारभारी माणूस, गावात वजन. त्यांची एकुलती एक लेक दीना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. शनिवारी तिला कळा सुरू झाल्या आणि ती अडली. सुईण घाम पुसत होती, बायका गरम पाणी आत नेत होत्या, आणि मूल काही येईना. रविवार उजाडला तरी येईना. दीनाचं ओरडणंसुद्धा बारीक होत गेलं. जिवाजीपंच धावत देवळात आले. सगळं गाव तिथं जमलं होतं. ते म्हणाले, “बाबा, प्रार्थना धरा. लेक हातची चालली माझी.”

सगळ्यांनी बाबांकडं पाहिलं. बाबा उठले. काठी टेकत पुढं गेले. बार्नबाच्या खांद्यावर हात ठेवला, त्याला पुढं उभं केलं आणि म्हणाले, “आज हा प्रार्थना करील. मी मागं बसतो.”

आणि ते चालायला लागले. पुरुषांच्या ओळी ओलांडल्या, बायकांच्या ओलांडल्या, पोरांच्या ओलांडल्या. थेट दाराशी गेले, जिथं लोक वहाणा काढतात तिथं, आणि त्या वहाणांच्या शेजारी गोणपाटावर बसले. गावानं बाबांची पाठ पहिल्यांदाच बघितली, असं म्हणतात.

देवळात एकच गिल्ला झाला. “बाबा, आज नको! आज तुम्हीच करा! त्याला शिकवायचं तर पुढच्या रविवारी शिकवा!” जिवाजीपंच तर बाबांच्या पुढ्यात येऊन गुडघ्यावर बसले आणि त्यांचे पाय धरले. बाबांच्या तोंडात प्रार्थना अगदी ओठांपर्यंत आली होती. मग बाबांनी काय केलं माहीत आहे? खांद्यावरचं उपरणं ओढलं, त्याचं टोक गोळा केलं आणि बोळा करून आपल्या तोंडात कोंबलं.

जिवाजीपंच ओरडले, “माझी लेक मरतीय आणि तुम्ही तोंडात बोळा घालता? दगड आहात का हो?” बाबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पण त्यांनी बोळा काढला नाही. त्यांनी पंचांचा हात मात्र धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही.

पुढं बार्नबा उभा होता.  तो म्हणाला, “हे बापा, दीना तुझीच लेक आहे.” आणि थांबला.

आता तुम्हाला सांगते, ते थांबणं कसं होतं. सगळे वाट बघत होते, की आता बाबा बोलतील. सवयच तशी. बाबा बोलले नाहीत. छपरातल्या चिमण्या गप्प झाल्या. मळ्यातली मोट अर्ध्यावर थांबली आणि बैल कान टवकारून उभे राहिले. ओढ्याचं पाणी दगडावरून पडता पडता हळू झालं, असं म्हणतात. बाबा दात आवळून बसले होते. आयुष्यात त्यांनी विहिरी खणल्या होत्या, कॉलऱ्यात मढी उचलली होती, पण एवढं जड काम कधी केलं नव्हतं. आणि त्या शांततेत एकेक माणूस आपापल्या पोटातून प्रार्थना करायला लागला. आजपर्यंत कोणाला करायची वेळच आली नव्हती, बाबा होते ना! म्हाताऱ्या करत होत्या, पोरं करत होती. ज्या पुरुषांनी जन्मात आमेनपलीकडं काही म्हटलं नव्हतं, त्यांचे ओठ हलत होते. बार्नबा डोळे मिटून उभा होता आणि त्यानं कसली घाई केली नाही.

तेवढ्यात ऐकू आलं.

जिवाजीपंचांचं घर गावाच्या पार खालच्या अंगाला, ओढ्याकाठी. तिथून हाक मारली तरी देवळात ऐकू यायची नाही. पण त्या दिवशी ऐकू आलं. आधी बारीक, मांजरीच्या पिल्लासारखं. मग चांगलं खणखणीत, ट्यांहां, ट्यांहां! बाळ रडत होतं. त्या वेळी कोणी एक शब्द जरी बोलत असतं, तरी ते कोणाला ऐकू गेलं नसतं. आणि त्याच्यामागून सुईणीचा आवाज आला, “सुटली गं बाय, सुटली! दोघी ठीक आहेत!”

जिवाजीपंच तिथंच वहाणांवर मटकन बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. बार्नबानं डोळे उघडले. तो म्हणाला, “बापा, ऐकलंस ना. आम्हीही ऐकलं.” एवढीच त्याची प्रार्थना. दोन ओळींची!

मग गाव आमेन म्हणायला तोंड उघडणार, त्याच्या आत दाराजवळून आवाज आला. बाबांनी तोंडातला बोळा काढला होता. ते म्हणाले, “आमेन.”

जन्मातलं पहिलं मागचं आमेन. तो आवाज डोंगरापलीकडं गेला नाही. साधा, दमलेल्या म्हाताऱ्याचा आवाज होता. पण त्याच्यावर सगळ्या देवळानं झील धरली, आणि छपराचं गवत उडेल असं आमेन झालं, असं म्हणतात. बाबा पाय पसरून भिंतीला टेकले आणि दाराशी आलेल्या गोदाआईला म्हणाले, “हायसं वाटलं गं. इथून सगळं किती छान दिसतं. मला कोणी सांगितलंच नाही.” गोदाआई म्हणाली, “सांगितलं होतं. तुम्हाला त्या कानानं ऐकू येत नाही.”

त्यानंतर बाबा थोडेच दिवस राहिले. दर रविवारी दाराशी वहाणांजवळ बसायचे. बार्नबा थांबला की तेही थांबायचे. कधी कधी राहवायचं नाही, मग उपरण्याचं टोक हळूच तोंडात जायचं आणि पोरं खुदुखुदू हसायची. जिवाजीपंच त्यांच्या शेजारी बसायचे, मांडीवर नात घेऊन.

दूत तिसऱ्यांदा आला, तेव्हा बाबा ओट्यावर पायात वहाणा घालून तयारच बसले होते, असं म्हणतात. दूत काही विचारणार, त्याच्या आधीच ते म्हणाले, “चल बाबा. माझ्यामागं माणूस आहे.” आतून गोदाआई ओरडली, “थांबा जरा! चूल विझवून येते.” आणि तिनं चूल विझवली, हात धुतले, पदर सारखा केला आणि ती बाहेर आली. लोक शेतावरून परतले तर ओटा रिकामा होता, आत दोघांचे देह शेजारी शेजारी निजल्यासारखे होते आणि चुलीतली राख अजून कोमट होती. दोघांची माती बार्नबानं केली. गाव रडलं, पोटभर रडलं, पण त्या रडण्यात घाबरणं नव्हतं.

हे झालं तेव्हाचं. आता आजचं ऐका, म्हणजे ही म्हातारी थापा मारत नाही हे कळेल.

दुसऱ्या गावांत पाळक बदलला की जुना पाळक नव्याच्या खांद्यावर शाल घालतो, हार घालतो, लोक टाळ्या वाजवतात. आंबीदऱ्याला तसं नाही. आमच्याकडं नव्याला काहीच मिळत नाही. जे काय मिळतं ते जुन्याला. सावळाबाबांचं उपरणं देवळात जपून ठेवलंय. इतक्यांदा रफू केलंय की त्यातलं मूळचं सूत किती, हे देवच जाणे. पण त्याच्या टोकाला दात उमटलेले आहेत. कोणाकोणाचे, ते आता ओळखता येत नाही. पाळकानं उतरायचं ठरवलं, की त्या रविवारी पंच ते उपरणं त्याच्या हातात देतात. तो पुढून चालत निघतो, पुरुष ओलांडतो, बायका ओलांडतो, पोरं ओलांडतो आणि दाराशी वहाणांजवळ गोणपाटावर बसतो. उपरण्याचं टोक तोंडात घेतो. काही जण हसत घेतात, काहींच्या डोळ्यांत पाणी असतं. गेल्या खेपेचे पाळक तर घेईनातच, म्हणाले, मी नाही मध्ये बोलणार, वचन देतो. सगळं देऊळ हसलं. पंच म्हणाले, “वचन नको, बोळा घ्या.”

मग नवा पुढं उभा राहतो आणि एकच वाक्य बोलतो. कितीही बोलका असला, तरी एकच. आणि थांबतो. सगळे थांबतात. कोणी खोकत नाही, कोणी जागा भरत नाही. बाळ रडेपर्यंत तसंच बसायचं.

आणि बाळ रडलंच नाही तर, असं तो मागचा कारटा विचारतोय. अरे, देवळात कधी बाळ रडलं नाही असं झालंय का? तू तान्हा असताना तूच रडला होतास, आईच्या मांडीवर, छप्पर डोक्यावर घेऊन. तेव्हा तुझ्या रडण्यावर दाराजवळच्या म्हाताऱ्यानं तोंडातलं उपरणं काढलं, एक लांब श्वास सोडला आणि म्हटलं, “आमेन.”